रमाबाईंच्या हातची ठेव

मुंबईला पाहुणं म्हणून गेलं, की गिरगाव चौपाटी ठरलेलीच. सकाळी राणीची बाग, दुपारी म्हातारीचा बूट आणि दिवे लागायच्या वेळी चौपाटीवर वाळूत बसून भेळ. आपल्यापैकी कितीतरी जणींची पहिली मुंबईवारी अशीच झालेली असेल. समुद्राकडं तोंड करून बसलं की पाठीमागं विल्सन कॉलेजची दगडी इमारत दिसते. तिथून आत गावदेवीच्या बाजूला वळलं, तर एका रस्त्यावर पाटी आहे: पंडिता रमाबाई मार्ग. पोरांना सांभाळत, पिशव्या सावरत आपण पुढं निघून जातो. पाटी वाचली, तरी शाळेच्या इतिहासातलं एका मार्काचं उत्तर तेवढं आठवतं. शारदा सदन कोणी काढलं? पंडिता रमाबाईंनी. झालं.

पण मैत्रिणींनो, त्या एका मार्काच्या उत्तरात एका बाईचं केवढं आयुष्य दडलंय! आज ते सांगायचं आहे, आणि तेही आपल्या घरातल्याच एका शब्दाच्या निमित्तानं. तो शब्द म्हणजे कारभारी.

खेड्यापाड्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून बायका आमचे कारभारी असं म्हणायच्या. अजूनही म्हणतात. कारभारी म्हणजे मालक, असं आपण धरून चालतो. खरं तर मालक वेगळा आणि कारभारी वेगळा. कारभाऱ्याच्या हातात जे असतं ते त्याचं स्वतःचं नसतं. दुसऱ्यानं विश्वासानं सोपवलेलं असतं. त्यानं ते नीट राखायचं, वाढवायचं, ज्याला द्यायचं त्याला द्यायचं आणि शेवटी हिशेब मांडायचा.

ख्रिस्ती धर्मात हा शब्द फार मोठ्या अर्थानं येतो. आपलं शरीर, आपला वेळ, अंगातली कला, शिकलेली अक्षरं, घरातला दाणा, हे सगळं देवानं आपल्याकडं ठेवायला दिलेलं आहे आणि आपण त्याचे कारभारी आहोत, अशी ही शिकवण. येशूची एक गोष्ट आहे. एक धनी परगावी जाताना तीन चाकरांकडं आपले पैसे सोपवतो. दोघं ते व्यापारात घालून दुप्पट करतात. तिसरा मात्र भीतीनं खड्डा खणून ते पुरून ठेवतो. धनी परत येतो तेव्हा तो जसेच्या तसे काढून देतो. त्यानं काही चोरलं नव्हतं, काही उधळलं नव्हतं. तरी बोल त्यालाच लागतो.

ही गोष्ट वाचली की मला पंडिता रमाबाई आठवतात. कारण पुरून ठेवायला त्यांच्याकडं कारणं भरपूर होती. पण त्यांनी काहीच पुरून ठेवलं नाही.

पहाटेची शिदोरी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रानातला. गंगामूळ हे त्या जागेचं नाव. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी एक जगावेगळी गोष्ट केली होती. आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं होतं. आज आपल्याला यात काही वाटणार नाही, पण तेव्हा बाईनं संस्कृत शिकणं म्हणजे अधर्म. शास्त्रीबुवांना त्याबद्दल पंडितांपुढं जाब द्यावा लागला. लोकांची बोलणी नकोत म्हणून ते रानात जाऊन राहिले, तिथं आश्रम केला.

पुढं पैसा सरला आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. रमा तेव्हा काही महिन्यांची होती. या गावाहून त्या गावी, देवळात बसून पुराण सांगायचं, लोक देतील ते घ्यायचं आणि पुढं चालायचं. अशा भटकंतीत शाळा कुठली? रमाला शिकवलं ते आईनं. दिवसभर स्वयंपाक, यात्रेकरूंची ऊठबस, मग वेळ कधी मिळणार? त्यावर लक्ष्मीबाईंनी पहाट शोधून काढली. सगळे उठायच्या आत पोरीला जवळ घेऊन त्या श्लोक म्हणवून घ्यायच्या. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला असे पाठ झाले.

बघा, त्या माउलीकडं होतं तरी काय? ना घर, ना दार. एक पहाटेचा तास आणि नवऱ्यानं दिलेली विद्या. तेवढंच तिनं लेकीच्या हातात ठेवलं, आणि लेकीला ते जन्मभर पुरलं.

वाळूतला खड्डा

१८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते विकून झालं. पुराण ऐकायला लोक येईनात, कारण त्यांच्याच पोटाला नव्हतं. शेवटी रानातली पानं खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग थोड्याच दिवसांत आई गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसं मिळेनात. रमा उंचीनं कमी, खांदा पोचेना, म्हणून तिनं डोक्यावर भार घेतला आणि कितीतरी अंतर चालत गेली. पुढं मोठी बहीणही गेली. उरले दोघं, रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

ही दोन भावंडं पायी चालत राहिली, पार पंजाब-काश्मीरपर्यंत. पायात काही नाही, अंगावर पुरेसं पांघरूण नाही. झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री त्यांनी वाळूत दोन खड्डे केले, त्यात आडवे झाले आणि डोकं सोडून बाकी अंगावर वाळू ओढून घेतली. तेवढीच ऊब.

या दिवसांविषयी रमाबाईंनी पुढं लिहिलं आहे, आणि त्यात एक गोष्ट फार मोकळेपणानं कबूल केली आहे. आपल्याला शास्त्रं येत होती, पण हातानं करायचं एकही काम येत नव्हतं. हलकं काम करायची लाज वाटायची आणि भीक मागायचीही लाज वाटायची. म्हणून उपासमार झाली. मैत्रिणींनो, ही कबुली लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथं आहे.

१८७८ मध्ये ही भावंडं कलकत्त्याला पोचली. विशीतली मुलगी, लग्न न झालेली, आणि तोंडातून संस्कृत पाण्यासारखं वाहतंय! तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती अशा दोन पदव्या दिल्या. त्याच गावात लोक तिला सभांतून बायकांच्या शिक्षणावर बोलायला बोलवू लागले. पहाटेच्या तासाचं हे असं फळ.

पण सुख फार टिकलं नाही. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंचं लग्न झालं, जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरात दहा महिन्यांची पोर, माहेर नाही, सासर नाही.

आपण असतो तर दार लावून बसलो असतो. त्या त्याच वर्षी पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज काढला. वर्ष संपायच्या आत मुंबईतही त्याची शाखा निघाली. सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमलं होतं. त्याच्यापुढं मराठीतून साक्ष देऊन त्यांनी सांगितलं, की मुलींना शिकवायला बायका हव्यात आणि बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात. 'स्त्री धर्म नीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या पैशातून विलायतेच्या बोटीचं भाडं उभं केलं.

बंद झालेलं एक दार

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. पण तिथं त्यांना ऐकू कमी यायला लागलं. डॉक्टरकीचं दार बंद झालं. आपल्याकडं म्हणतात ना, एक करायला जावं तर दुसरंच होतं, तसं झालं. मग त्यांनी शिक्षिकेची वाट धरली. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात स्वतः शिकल्या आणि तिथंच संस्कृत शिकवलं.

त्याच वर्षी, सप्टेंबर १८८३ मध्ये, त्यांनी आणि लहानग्या मनोरमेनं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. वॉन्टेजच्या जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. समाजानं टाकलेल्या, फसलेल्या बायकांना या मठातल्या बायका मायेनं जवळ करतात, त्यांना पुन्हा उभं करतात, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांचं मन तिकडं ओढलं गेलं. महाराष्ट्रात या बातमीनं मोठी खळबळ उडाली. कालपर्यंत कौतुक करणारे लोक दुरावले. पण धर्म बदलला म्हणून रमाबाईंनी आपलं सगळं मागचं टाकून दिलं असं नाही. पोशाख देशीच राहिला, जेवण शाकाहारीच राहिलं, आणि मठातल्या वडीलधाऱ्यांची एखादी गोष्ट पटली नाही, तर त्यांच्याशीही त्या वाद घालायच्या.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, डॉ. आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहायला. फिलाडेल्फियात तो समारंभ झाला ११ मार्च १८८६ रोजी. ही तारीख ध्यानात असू द्या. जी पदवी आपल्याला मिळू शकली नाही ती दुसरीला मिळताना पाहायला ही बाई समुद्र ओलांडून गेली. पुढं जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत गावोगाव हिंडून त्यांनी हिंदुस्थानातल्या बालविधवांची कथा सांगितली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते हजारोंनी खपलं. त्याच वर्षअखेरीला बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेसाठी वर्षाला ५००० डॉलर, असे दहा वर्षं द्यायचं त्या लोकांनी कबूल केलं. अट एकच, शाळेत धर्माचा प्रचार होता कामा नये.

चौपाटीवरच्या दोन मुली

फेब्रुवारी १८८९ च्या सुरुवातीला रमाबाई मुंबईला उतरल्या. बोटीचा शीण जायच्या आत कामाला लागल्या. सहा आठवड्यांच्या आत, ११ मार्चला, चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पुन्हा तीच तारीख! उद्घाटनाच्या सभेत अध्यक्षस्थानी लेखिका काशीबाई कानिटकर होत्या. बाईच्या शाळेला बाई अध्यक्ष. आज हे रोजचं झालंय, तेव्हा नवल होतं.

शाळेत मुली किती? दोन. परदेशातून एवढा पैसा गोळा करून आणला आणि दोनच मुली! कुणी हसलंही असेल. पण त्या दोघींतली एक कोण होती ते पाहू.

तिचं नाव गोदूबाई जोशी, कोकणातल्या देवरूखची. लहानपणीच लग्न झालं आणि थोड्याच महिन्यांत नवरा गेला. संसार काय असतो ते कळायच्या आत कपाळ पांढरं झालं. वर्षानुवर्षं सासरी राबण्यात गेली. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता. त्यानं बहिणीला मुंबईला आणलं आणि शारदा सदनात घातलं. सदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. विशी ओलांडलेल्या वयात ती मुळाक्षरं गिरवायला बसली.

नरहरपंतांचे एक जिवलग स्नेही होते. गिरगावात राहायचे, गणित शिकवायचे. धोंडो केशव कर्वे त्यांचं नाव. त्यांची पहिली बायको वारली, तेव्हा त्यांनी ठरवलं की लग्न करीन तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी त्यांचं लग्न झालं. तिसऱ्यांदा तीच तारीख! रमाबाईंचा या लग्नाला पाठिंबा होता. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, पुढं सगळ्यांच्या बाया. गावानं या जोडप्याला वाळीत टाकलं. पण १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. तेच आजचं एसएनडीटी, ज्याचं मुख्य ठाणं मुंबईत चर्चगेटला आहे. आश्रमासाठी बाया कर्व्यांनी दारोदार वर्गणी मागितली. त्यांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याही पुढं आश्रमाच्या कामाला लागल्या आणि मदत गोळा करायला थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

आपल्या घरातली मुलगी एसएनडीटीच्या परीक्षेला बसली असेल, तर त्या धाग्याचं एक टोक चौपाटीवरच्या त्या शाळेत आहे. कारभाऱ्याचं काम असंच असतं. दोन पै हातात आल्या, त्या दोन पैंचं काय होईल ते त्याला दिसत नाही. त्यानं त्या कामाला लावायच्या.

त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन मुंबईत भरलं. तिथं प्रतिनिधी म्हणून बसलेल्या मोजक्या बायकांत रमाबाई होत्या. एकीकडं सभा आणि दुसरीकडं सदनातल्या मुलींचं खाणंपिणं, आजारपण, अभ्यास. मुंबई तेव्हाही महागच. खर्च झेपेना, म्हणून १८९० च्या अखेरीला त्यांनी सदन पुण्याला हलवलं.

दोन ठेवींमधला पेच

इथवर सगळं चांगलंच सांगितलं. पण खरा कस पुढं लागला.

शाळेत धर्मप्रचार करायचा नाही हे वचन होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. सकाळी आपल्या खोलीत लेकीला घेऊन प्रार्थना करायच्या. दार मात्र उघडं असायचं. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना या म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नाही. बाहेर बातमी फुटली. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. पालक आले आणि वीस-पंचवीस मुली काढून घेऊन गेले.

यात चूक कुणाची, यावर सव्वाशे वर्षांहून जास्त वाद चालला आहे. पालकांच्या जागी उभं राहून पाहा. जगाचा रोष पत्करून त्यांनी आपली विधवा लेक एका ख्रिस्ती बाईकडं पाठवली, ती धर्माला धक्का लागणार नाही या भरवशावर. तो भरवसाही एक ठेवच होता. आणि रमाबाईंच्या जागी उभं राहून पाहा. ज्या श्रद्धेनं आपल्याला उभं केलं, ती दार लावून, लपूनछपून पाळायची? घरातल्या मुलीला ये-जा करायला बंदी घालायची? मग हे घर कसलं? दोन्ही ठेवी खऱ्या होत्या, आणि एक राखताना दुसरीला तडा गेला. मला वाटतं, रमाबाईंना याची किंमत कळत होती. त्यांनी ती मोजली. ज्या मुली गेल्या त्यांतल्या काहींच्या वाट्याला पुन्हा तेच अंधारं माजघर आलं असेल. हे ओझं लहान नव्हतं.

यातून एक मात्र शिकण्यासारखं आहे. आपल्याकडं जे सोपवलेलं असतं ते एकाच माणसाचं नसतं. नवऱ्याचा विश्वास, सासूचा विश्वास, लेकरांचा, स्वतःच्या मनाचा. हिशेब प्रत्येकाला द्यावा लागतो आणि कधीकधी तो जुळत नाही. तेव्हा निदान तो उघडा ठेवावा. रमाबाईंनी दार उघडं ठेवलं होतं, एवढं त्यांचे विरोधकही नाकारू शकले नसते.

केडगावचं माळरान

अमेरिकेतली मदत दहा वर्षांची होती. ती संपल्यावर काय? रमाबाईंनी हा विचार आधीच केला होता. दादरहून सोलापूरच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत बसलात, तर पुणं सोडल्यावर दौंडच्या अलीकडं केडगाव लागतं. तिथं त्यांनी शंभरेक एकर जमीन घेतली आणि फळझाडं लावली. झाडं मोठी होतील, उत्पन्न येईल आणि सदन स्वतःच्या पायावर उभं राहील. आपण नाही का, मुलीच्या लग्नाच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून बांधावर साग लावून ठेवत? तसंच.

पण झाडांना फळं यायच्या आत १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरायला लागली. रमाबाईंना आपली आई आठवली असेल, आपल्या डोक्यावरचा तो भार आठवला असेल. त्या स्वतः तिकडं गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, इतक्या जणींना शहरात ठेवणं शक्य नाही. मग ती केडगावची जमीन कामी आली. फळांसाठी घेतलेल्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

आता ती कबुली आठवा, हातानं करायचं काम येत नव्हतं म्हणून उपाशी मेलो ही. मुक्तीत प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकवलं गेलं. मागावर विणणं, शिवणकाम, घाण्यावर तेल काढणं, गाईगुरं, शेती, रांधणं, आजाऱ्यांची शुश्रूषा, छापखान्यात खिळे जुळवणं. सोबत अक्षरओळख होतीच. ज्या मुलींना दिसत नव्हतं त्यांनाही वगळलं नाही. मनोरमानं ब्रेल शिकून घेतलं आणि त्यांना बोटांनी वाचायला शिकवलं. त्या टोपल्या विणायच्या. फसलेल्या, लोकांनी नावं ठेवलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. स्वतःच्या उपासमारीचं दुःख रमाबाईंनी असं हजारो जणींच्या पोटापाण्याला लावलं.

शेवटची ठेव आईची होती, भाषेची. मराठी बायबल त्यांना जड वाटायचं, साध्या बायकांना कळेना. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत सगळं बायबल नव्यानं उतरवायला बसल्या. वर्षानुवर्षं हे काम चाललं. छापायचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं. ज्यांना एकेकाळी दुष्काळात टाकून दिलं होतं, त्यांच्या बोटांनी ती अक्षरं जुळवली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळिशीची, आईचा उजवा हात. ज्या लेकीच्या हाती सगळा कारभार सोपवायचा, तीच आधी गेली. रमाबाई खचल्या असतील, पण काम थांबलं नाही. बायबलचं तपासणं पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. पुस्तक त्यांच्यामागं, १९२४ मध्ये, बाहेर पडलं. मुक्ती मिशनचं काम केडगावला आजही चालू आहे. १९०७ मध्ये रमाबाईंनी आपली जीवनकथा लिहिली, तेव्हा तिच्या नावातच कधी न सरणाऱ्या ठेव्याचा उल्लेख केला होता. आयुष्यभर गमावत आलेल्या बाईला स्वतःकडं अक्षय ठेवा आहे असं वाटत होतं!

आपल्या घरातलं

आता तुम्ही म्हणाल, त्या पंडिता, आम्ही साध्या घरच्या. आमच्याकडं काय सोपवलेलं असणार?

जरा हिशेब मांडून पाहा. जेवणं उरकल्यावर दुपारी तास-दीड तास मिळतो. अंगणात नळ आहे किंवा विहीर आहे, आणि शेजारणीला पाण्यासाठी लांब जावं लागतं. दहावीपर्यंत शिकलोय, आणि कामाला येणाऱ्या मावशींना बँकेत अजून अंगठा उठवावा लागतो. शिवणयंत्र आहे, ते झाकून ठेवलंय. हाताला चव आहे. गोड गळा आहे. सासूबाईंना औषधी झाडपाला ठाऊक आहे, तो कुणी लिहून घेतलेला नाही. एखादीनं मोठं दुःख सोसलंय, आणि तसंच दुःख आज शेजारच्या घरात येऊन बसलंय. या सगळ्या थैल्याच आहेत. आपण त्या जपून ठेवतो, हरवू देत नाही, आणि त्यातच समाधान मानतो. त्या तिसऱ्या चाकरानंही नेमकं तेच केलं होतं.

हे ख्रिस्ती शिकवणीतून आलं म्हणून परकं वाटायचं कारण नाही. पहिला घास गाईला काढणारी, दारात आलेल्याला विन्मुख न पाठवणारी आपली आजी हेच करत होती. तिनं त्याला कारभार असं नाव दिलं नव्हतं एवढंच.

लक्ष्मीबाईंकडं एक पहाट होती. तेवढ्यातून रमाबाई घडल्या, रमाबाईंमुळं गोदूबाई उभ्या राहिल्या, आणि पुढं किती जणी, त्याची मोजदाद कोण करणार? पुढच्या खेपेला मुंबईला गेलात, तर भेळ खाऊन झाल्यावर पोरांना घेऊन थोडं आत, गावदेवीकडं चाला. ती पाटी त्यांना वाचून दाखवा. आणि घरी आल्यावर झाकून ठेवलेल्या शिवणयंत्रावरचं फडकं काढा. शेजारची कुणीतरी मुलगी शिकायला तयारच असेल.